आईची शपथ आणि धाकटीची सिगारेट

मॅडम, नमस्कार.

माझी धाकटी बहीण २७ वर्षांची आहे. हिंजवडीत नोकरी करते, पुण्यात मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते. मी लग्नानंतरही सांगलीतच आहे, आईबाबांपासून दोन गल्ल्या पलीकडे. दोन वर्षांपूर्वी तिला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असल्याचं निदान झालं. त्याआधीची दहा वर्षं आम्ही तिला हट्टी आणि नाटकी म्हणण्यात घालवली. आठ महिन्यांपासून ती डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, तीव्र भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी) थेरपी घेतेय, रात्री ओलान्झापिन या मानसिक आजारावरच्या औषधाची गोळी असते. फरक पडलाय.

ती सिगारेट ओढते. दिवसाला आठ-दहा, बिनसलेल्या दिवशी मोजदाद नाही. तीनदा सोडली. पहिल्यांदा आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ती नऊ दिवस टिकली. दुसऱ्यांदा एक जानेवारीला. तिसऱ्यांदा गेल्या गणपतीत, घरी आली तेव्हा. चौथ्या दिवशी आईला तिच्या ओढणीला वास आला. पाहुण्यांसमोर आई म्हणाली, "शेवटी फसवलंसच ना आम्हाला?" ती खोलीत गेली, आतून कडी लावली आणि स्वतःला इजा करून घेतली. रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून घरात हा विषय कुणी काढत नाही.

बाबा म्हणतात, तिला चिकाटीच नाही. (बाबा स्वतः जेवणानंतर तंबाखू मळतात, पण ते चाळीस वर्षांचं आहे.) आईला काळजी, की स्थळं बघताना हे कसं सांगायचं. सायकियाट्रिस्ट म्हणाले, "सध्या राहू दे, एका वेळी एक." तिची थेरपिस्ट म्हणते, हे थेरपीत घेता येईल. आणि मागच्या रविवारी तिचाच मला फोन आला, "ताई, मला खरंच सोडायचीय, पण घरी सांगू नकोस."

कुणाचं ऐकायचं? आत्ता सोडणं धोक्याचं आहे का? आणि मी नेमकं काय करू?

— धाकटीची ताई, सांगली

•

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं तिचं वाक्य मी आधी घेते. "मला खरंच सोडायचीय, पण घरी सांगू नकोस." पहिल्या अर्ध्या वाक्याने तुम्हाला बरं वाटलं असणार. माझं लक्ष दुसऱ्या अर्ध्याकडे गेलं. सोडायची तिची तयारी आहे. पण सोडताना पाय घसरला तर घरात काय होईल, ही भीती त्या तयारीपेक्षा मोठी आहे. त्यामुळे या उत्तरातला बराचसा भाग तिच्याबद्दल नाही, तुमच्या घराबद्दल आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच राग यायला नको.

कुणाचं ऐकायचं, तर सायकियाट्रिस्ट आणि थेरपिस्ट, दोघांचंही. डीबीटीत कामांचा क्रम ठरलेला असतो. जिवाला धोका होईल असं काही असेल तर ते पहिलं. थेरपीच बंद पडेल अशा गोष्टी दुसऱ्या. आयुष्याची घडी विस्कटवणाऱ्या गोष्टी तिसऱ्या, आणि सिगारेट त्या तिसऱ्या रांगेत बसते. गणपतीतला प्रसंग डोळ्यांसमोर असताना सायकियाट्रिस्ट "सध्या राहू दे" म्हणाले, ते पहिल्या रांगेकडे बघून. त्यात चूक नाही. फक्त त्या "सध्या"ला मुदत असायला हवी. मनाच्या आजारातल्या माणसाच्या सिगारेटकडे काणाडोळा करायची आमच्या क्षेत्राला जुनी खोड आहे. बिचाऱ्याला तेवढाच आधार, असं म्हणत एके काळी कित्येक वॉर्डांत शांत राहिल्याबद्दल बक्षीस म्हणून सिगारेट दिली जायची. आणि मग हीच माणसं हृदयाच्या, फुप्फुसांच्या दुखण्यांनी इतरांच्या आधी जायची.

सोडली की मन आणखी बिघडेल, ही भीतीही तपासून बघितली गेली आहे. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमी झालेला दिसला, आणि मानसिक आजार असलेल्यांतही चित्र तसंच होतं. यामागचं कारण सरळ आहे. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग चिडचिड, अस्वस्थता, कशात लक्ष नाही. त्यावर एक झुरका मारला की हायसं वाटतं आणि माणूस म्हणतो, बघा, सिगारेटने शांत वाटतं. वास्तविक मागच्या सिगारेटने लावलेली आग पुढची विझवत असते. मात्र हा फायदा लगेच हाती येत नाही. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, आणि त्रास ओसरायला दोन ते चार आठवडे लागतात. तुमच्या बहिणीचा पहिला आणि तिसरा प्रयत्न तर याच अवघड टप्प्यात कोसळला. तिसरा चौथ्याच दिवशी, भर गणपतीच्या गर्दीत. त्यावरून तिची चिकाटी काढणं म्हणजे तापातल्या माणसाला पळायला लावून तो दमला म्हणून हिणवणं.

आता तिच्या बाबतीत वेगळं काय आहे ते सांगते. बॉर्डरलाइन असलेल्या माणसाच्या भावना चटकन पेटतात, फार वर चढतात आणि खाली यायला वेळ घेतात. डीबीटी ज्यांनी घडवली त्या मार्शा लिनेहान या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ; भाजलेल्या अंगाची उपमा त्यांचीच. कातडी गेलेल्या जागी वाऱ्याची झुळूकही झोंबते, तसं. मैत्रिणीने मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही, मीटिंगमध्ये साहेबांचा सूर जरा बदलला, एवढं पुरतं. (लिनेहानबाईंनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं, की विशीच्या आत त्या स्वतः अशाच अवस्थेत इस्पितळात होत्या आणि स्वतःला इजा करून घेत होत्या. हे धाकटीला माहीत नसेल तर जरूर सांगा.)

अशा माणसाच्या आयुष्यात सिगारेट नुसती सवय म्हणून राहत नाही, ती कामाला ठेवलेली असते. ती काय काय करते बघा. भांडण पेटलं की उठून बाहेर जायला कारण देते. "मला आत्ता सहन होत नाहीये" म्हणायला लागत नाही, "एक मारून येते" म्हटलं की भागतं. पाच मिनिटं मिळतात. लांब श्वास आत, लांब श्वास बाहेर होतो. हाताला चाळा मिळतो. टपरीवर फार न विचारता शेजारी उभं राहणारं कुणीतरी असतं. रात्री एक वाजता गॅलरीत सोबत होते. यातलं निकोटीनने केलेलं थोडंच, पण काम होतं हे खरं. तुम्ही ते काम करणाऱ्याला एका शपथेत काढून टाकता आणि त्याच्या जागी कुणालाच ठेवत नाही. मग चौथ्या दिवशी घर तुंबतं.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना आधी दोन-तीन आठवडे काहीच सोडायला सांगत नाही. फक्त लिहायला सांगते. डीबीटी घेणाऱ्याकडे रोज भरायचं डायरी कार्ड असतंच. भावना किती चढली, स्वतःला इजा करावीशी वाटली का, कोणतं कौशल्य वापरलं, असे रकाने असतात. त्यात सिगारेटचा एक रकाना वाढवायचा. प्रत्येक सिगारेटपुढे वेळ, आणि तिने काय काम केलं ते. आठवड्यात चित्र दिसायला लागतं. काही सिगारेटी फुकट्या निघतात, चहाबरोबर आहे म्हणून, कॅब यायची आहे म्हणून. काही कमावत्या असतात, आईचा फोन ठेवल्यावरची, रात्रीची. फुकट्या आधी जातात आणि त्यांना निरोप देताना फारसं रडू येत नाही. कमावत्या मात्र त्यांच्या कामावर दुसरं कुणी रुजू झाल्याशिवाय काढायच्या नाहीत. ही वाटणी पुस्तकातली नाही, माझी आहे. पण तिच्या थेरपिस्टला सांगून बघा, त्या नाही म्हणतील असं वाटत नाही.

दुसरं कोण रुजू होणार? तुम्ही सांगलीच्या, म्हणून तुम्हाला समजावणं सोपं आहे. पावसाळ्यात सांगलीत कुणी "पूर आला का हो" एवढंच विचारत नाही. विचारतात, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. चाळिशी गाठली की नदीकाठचे लोक गाद्या, कागदपत्रं, गुरं हलवायला लागतात. पंचेचाळिशीची वाट बघत नाहीत. तलफेचंही असंच करायचं. "तलफ आली" असं लिहायचंच नाही, पातळी लिहायची. डायरी कार्डावर शून्य ते पाच असे आकडे असतात, तेच वापरा. दोनवर असताना काय करायचं ते वेगळं, पाचवर असताना करायचं ते वेगळं.

दोन-तीनवर असताना बघत बसायचं. खरंच, नुसतं बघायचं. घशात कोरड आहे का, छातीत ओढ आहे का, बोटं वळवळताहेत का. अॅलन मार्लट नावाचे एक संशोधक लिनेहानबाईंच्याच विद्यापीठात होते. सिगारेट सोडू पाहणारा त्यांचा एक रुग्ण समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणारा होता. त्याला त्यांनी त्याच्याच खेळातली भाषा दिली, की तलफेशी झुंजू नकोस, तिच्यावर बसून राहा, ती चढेल, फुटेल आणि उतरेल. एक तलफ सहसा काही मिनिटांपलीकडे शिखरावर राहत नाही. पाणी चढताना वाटतं आता हे कधीच थांबणार नाही, आणि बॉर्डरलाइनच्या माणसाला तर प्रत्येक भावनेबद्दल हेच वाटतं. उतरतं हे कुणी सांगून पटत नाही. पाच-सहा वेळा आकडा लिहून स्वतः उतरताना बघितलं, की मग पटायला लागतं. सिगारेटच्या निमित्ताने ही गोष्ट शिकली तर ती रागाच्या, एकटेपणाच्या वेळीही कामाला येते. मला विचाराल तर सिगारेट थेरपीत घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. तलफ दिवसातून दहा वेळा येते, म्हणजे सरावही दहा वेळा.

चार-पाचवर गेल्यावर मात्र बघत बसण्यात अर्थ नाही, तिथे अंगालाच हात घालावा लागतो. वाडग्यात गार पाणी घेऊन श्वास रोखून अर्धा मिनिट तोंड बुडवायचं. हृदयाचे ठोके खाली येतात. (हृदयाचा आजार, नाडी मंद करणारी गोळी किंवा खाण्याचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.) नाहीतर इमारतीचे चार मजले झपझप चढून उतरायचं. नाहीतर श्वास, आत घ्यायला चार आकडे आणि सोडायला सहा-सात. हे शेवटचं ती सिगारेटच्या निमित्ताने वर्षानुवर्षं करतच आलीय, धूर मध्ये घालून. थेरपिस्टने ही कौशल्यं शिकवली असणारच. पण पाच पातळीला पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही, शांत असताना रोज एकदा करून ठेवावी लागतात. पूर आल्यावर पोहायला शिकत नाहीत.

उठून जायला जे कारण लागायचं, तेही दुसरं द्यावं लागेल. पुण्यातल्या तिच्या मैत्रिणींशी तिने एक शब्द ठरवून ठेवला तर पुरतं. तो शब्द म्हटला की ती दहा मिनिटं गच्चीवर जाणार, कुणी मागे जाणार नाही आणि "काय झालं" विचारणार नाही.

आता घसरण्याबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

सिगारेट सोडणारे बहुतेक जण घसरतात. कुणाचीही गोष्ट घ्या, एका प्रयत्नात सुटलेली क्वचितच सापडेल. मार्लट यांनी दाखवून दिलं, की घात पहिली सिगारेट करत नाही, तिच्यानंतर डोक्यात जे वाक्य येतं ते करतं. "झालं, मोडलं, आता काय उरलं?" आणि मग अख्खं पाकीट. हे सगळ्यांनाच होतं. पण बॉर्डरलाइनमध्ये मन काळ्या-पांढऱ्यात चालतं, मधला रंग सापडत नाही. एक तर मी सोडलेली, चांगली मुलगी; नाहीतर फसवणारी, कुणाच्याच लायकीची नसलेली. एका झुरक्याचं अंतर. आणि त्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर तिला काय करावंसं वाटतं, ते तुम्ही गणपतीत बघितलंत.

डीबीटीचं याबाबतचं म्हणणं ऐकायला विचित्र आहे. आज अजिबात ओढायची नाही, हा निर्धार शंभर टक्के. आणि त्याच वेळी, ओढली गेलीच तर पुढच्या तासात काय करायचं याची तयारीही शंभर टक्के. दोन्ही एकदम. सोडायला सुरुवात करण्याआधी कागदावर लिहून ठेवायचं. उरलेलं पाकीट पाण्याखाली धरायचं, थेरपिस्टला मेसेज करायचा, कार्डावर वेळ आणि पातळी लिहायची, त्याआधीच्या दोन तासांत काय काय घडलं त्याची साखळी मांडायची. घसरलं म्हणजे संपलं नाही. कुठली कडी कच्ची होती ते कळलं, एवढंच.

आता शपथ बघा. आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथेत मधला रंगच नसतो. मोडली म्हणजे आईच्या जिवावर उठली. नऊ दिवस टिकली म्हणता, मला तर नऊ दिवस म्हणजे खूप वाटले. एवढं ओझं घेऊन कुणी दोन दिवस चालणार नाही. तर शपथ बंद. देवापुढचा नवसही बंद. आणि "माझ्यासाठी सोड" हे वाक्यही बंद, कारण सोडता आली नाही तर त्याचा अर्थ 'तुझं माझ्यावर प्रेम नाही' असा होतो, आणि हाच प्रश्न तिला रात्रंदिवस खात असतो.

पुढच्या वेळी ओढणीला वास आला तर काय म्हणायचं, हे आत्ता ठरवा. वेळेवर सुचत नाही. आई काय म्हणेल हे आई ठरवेल, पण तुम्ही तरी ठरवा. काहीच न बोलणं हाही चांगला पर्याय आहे. वास हुंगणं, पर्स बघणं, थोटकं मोजणं, हे कुणीही करायचं नाही. तिने स्वतः सांगितलं, "ताई, ओढली गं मी," तर पहिलं वाक्य सिगारेटबद्दल नको. "बरं झालं सांगितलंस. आत्ता कशी आहेस?" इतकंच. मग तिचं ऐकायचं. "एवढे दिवस धरून ठेवलंस आणि आज मोडलं, वाईट वाटणारच" हे चालेल. "अगं काही नाही होत, सोड तो विषय" हे चालणार नाही. ते प्रेमाने म्हटलेलं असलं तरी तिला ऐकू येतं की तुझ्या वाटण्याला अर्थ नाही. मग हलकेच विचारायचं, "कागदावर पुढे काय लिहिलंयस?" आणि तिथे थांबायचं. उपदेश तिला सगळा पाठ आहे. पाकिटावरचं चित्र ती तुमच्यापेक्षा जास्त वेळा बघते.

कौतुकाचंही जपून. माझीच चूक सांगते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने तीन आठवडे सिगारेटला हात लावला नाही. मी खुर्चीतून उठून म्हणाले, "अरे वा, आता तू बराच झालास की!" त्या संध्याकाळी त्याने ओढली. पुढच्या सत्रात म्हणाला, "तुम्ही म्हणालात बरा झालास. मला वाटलं, आता तुम्ही मला सोडणार." मी सुट्टीवर जाणार होते हे त्याला आधीच माहीत होतं, ते वेगळंच. तेव्हापासून मी म्हणते, "हे अवघड होतं, तू केलंस, आणि पुढच्या मंगळवारी आपण भेटतोय."

याचा अर्थ सगळं तिच्या कलाने घ्यायचं असा नाही. घरात ओढायची नाही, हा तुमच्या घराचा नियम असू शकतो. सिगारेटला पैसे देणार नाही, हेही म्हणू शकता. फरक एवढाच, की नियम शांतपणे, आधी, एकदा सांगायचा असतो. भांडणात काढला की त्याची शिक्षा होते.

औषधांबद्दल दोन गोष्टी तातडीच्या आहेत. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत ओलान्झापिन झपाट्याने बाहेर टाकतं. धूर थांबला की तेवढ्याच गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. झोप, सुस्ती, जडपणा येऊ शकतो. म्हणून सोडायचा दिवस ठरला की सायकियाट्रिस्टना आधी सांगायचं, आणि पुन्हा सुरू झाली तर तेही सांगायचं. गोळी मनाने कमी-जास्त करायची नाही. हे धुरामुळे होतं, निकोटीनमुळे नाही, त्यामुळे तलफ शमवायला निकोटीनचं च्युइंगम घेतलं तरी हा हिशेब बदलत नाही. दुसरी गोष्ट चहाची. कॅफीनही यकृताच्या त्याच वाटेने जातं. सोडल्यावर नेहमीचाच चहा जास्त चढतो. छातीत धडधड, हात थरथर, झोप नाही, आणि सगळे म्हणतात बघा, सिगारेट सोडली आणि ही बिघडली. ऑफिसमधला चहा-कॉफी त्या दिवसापासून निम्मी करायची.

च्युइंगम दोन मिलिग्रॅमचं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर जास्त ताकदीचं लागू शकतं, ते डॉक्टरांना विचारून. ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळत राहिलं तर मळमळतं, उचकी लागते. दोन-चार वेळा चावायचं, चुणचुणलं की गालात धरून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही. (गालात धरायचं कसं ते बाबा उत्तम शिकवतील.) व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या गोळ्यांनी मन बिघडतं असा एके काळी बोलबाला होता. २०१६ साली लॅन्सेटमध्ये आठ हजारांहून अधिक लोकांवरची चाचणी आली, त्यातले निम्मे मानसिक आजार असलेले. खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा या गोळ्यांनी तसा त्रास लक्षणीय वाढलेला दिसला नाही. पण त्या चाचणीतले लोक स्थिर प्रकृतीचे होते. म्हणून हा निर्णय तिच्या सायकियाट्रिस्टचा. फिट येत असेल किंवा खाऊन ओकण्याचा विकार असेल तर बुप्रोपिऑन चालत नाही, हे त्यांना तिने न विसरता सांगायचं.

ई-सिगारेटचा विचार कुणी सुचवला तर आपल्याकडे २०१९ पासून ती बंद आहे. सुटी सिगारेट विकायलाही महाराष्ट्रात २०२० पासून मनाई आहे. ती किती पाळली जाते हे तुम्ही-आम्ही रोज टपरीवर बघतो.

तारीख तिने आणि थेरपिस्टने मिळून ठरवायची. एक जानेवारी नको. गणपती, दिवाळी, लग्नकार्य, सांगलीची फेरी नको. थेरपिस्ट सुट्टीवर असतील तो आठवडा तर मुळीच नको. पहिले तीन-चार दिवस साधे, कंटाळवाणे असावेत. आणि मध्येच स्वतःला इजा करण्याचे विचार वाढले तर सिगारेटचा विषय बाजूला ठेवायचा आणि पहिल्या रांगेतलं काम आधी. ते हरणं नव्हे, तोच क्रम आहे. अशा रात्री थेरपिस्ट मिळाल्या नाहीत तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर फोनवर न थांबता सरळ जवळच्या इस्पितळात. तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर १८००-११२-३५६; तो पाकिटावरही छापलेला असतो.

हाच नंबर बाबांच्या पुडीवरही असतो. तुम्ही बाबांची तंबाखू कंसात लिहिलीत, मी ती कंसाबाहेर काढतेय. आमच्या लहानपणी घरोघरी आज्या मिसरी लावायच्या आणि त्याला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. घरातल्या पुरुषाची चंची आणि मुलीची सिगारेट यांत निकोटीन एकच असतं. स्थळं बघताना चर्चा मात्र एकाचीच होते. बाबांनी सोडावी असं मी म्हणत नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं. पण त्यांना एवढं सुचवून बघा, की एक दिवस, फक्त एकच दिवस, दुपारच्या जेवणानंतरची चिमूट चार वाजेपर्यंत पुढे ढकलायची. धाकटीला न सांगता, पैज म्हणून नाही. मग चारला त्यांना विचारा, तीन वाजता कसं वाटत होतं.

आणि तुम्ही? रविवारी तिचा फोन आला की "कधी सोडतेस?" विचारू नका. विचारा, "दिवसातली कुठली सिगारेट सोडायला सगळ्यात अवघड वाटते?" आणि मग ती जे सांगेल ते पूर्ण ऐका, गॅसवर काही असेल तर आधी बंद करून.

तुमची,
सदरवाली